उंदराची झोपमोड

झोप लवकर येत नाही, ही तक्रार माणूस स्वतःबद्दल करतो. जाग लवकर येत नाही, ही तक्रार मात्र तो नेहमी दुसऱ्याबद्दल करतो! हल्ली या दुसऱ्यांत संगणकाच्या बिनतारी माऊसची भर पडली आहे. झोपलेला संगणक उठवावा, पडद्यावर उजेड यावा, आणि बाण मात्र जागचा हलू नये! मग आपण तो बापडा उंदीर टेबलावर गरागरा फिरवतो, आपटतो, उलटा करून त्याच्या पोटात डोकावतो. पाच-दहा सेकंद अशी गेली, की बाण एकदम उडी मारून भलत्याच कोपऱ्यात जाऊन बसतो.

डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत या उंदराच्या पूर्वजाचं प्रात्यक्षिक दाखवलं, तेव्हा त्याला शेपटी होती. पुढे कित्येक वर्षं घरोघरचे उंदीर शेपटीतूनच वीज घेत. शेपटी गेली, पोटात सेल आला आणि सेल जपायचा म्हणून झोपही आली. काटकसर आणि झोप यांचं नातं असं जुनं आहे.

गंमत अशी की इथे झोपलेले एक नव्हे, तिघे असतात. पहिला संगणक. दुसरा, त्याच्या कडेला खोचलेला नखाएवढा रिसीव्हर किंवा आतला ब्लूटूथ. आणि तिसरा स्वतः उंदीर. संगणक उठतो, मग रिसीव्हरला वीज देतो. रिसीव्हर उंदराचा शोध घेतो. आणि उंदीर जागा असेल तरच ओ देतो. एकाच घरातली तीन माणसं एका हाकेला एकदम उठतील अशी अपेक्षा कोण करील?

तरीही उपाय आहेत, आणि ते साध्यापासून सुरू करावेत. उंदीर नुसता फिरवू नये, त्याचं बटण एकदा दाबावं. काही उंदीर बटणाशिवाय उठतच नाहीत. सेल उतरला असेल तर बदलावा. रिसीव्हरच्या शेजारी यूएसबी ३ ची हार्ड डिस्क असेल, तर तिचा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास होतो, आणि उंदीरही त्याच पट्ट्यात बोलतो. अशा वेळी रिसीव्हर वीतभर तारेने दूर न्यावा. ब्लूटूथचा उंदीर असेल तर जुनी ओळख पुसून नव्याने जोडी जमवावी.

एवढ्याने भागलं नाही, तर शेवटचा उपाय. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये पुष्कळदा रिसीव्हरच्या किंवा ब्लूटूथच्या नावाखाली ‘पॉवर मॅनेजमेंट’चं पान असतं. वीज वाचवण्यासाठी हे यंत्र बंद करण्याची मुभा संगणकाला द्यावी काय, असं तिथे विचारलेलं असतं आणि समोर बरोबरची खूण असते. ती खूण काढावी. बहुधा उंदीर लवकर ओ देऊ लागतो. वीज मात्र थोडी अधिक जळते, कारण ते यंत्र आता पुरतं झोपतच नाही.

या चौकटीपाशी मला आईची आठवण होते. चाळीत नळाला पहाटे चारला पाणी यायचं. रात्री केव्हाही कुणी खोकलं, की अंधारातून लगेच प्रश्न यायचा, “काय रे, पाणी हवं?” मांजराने दुधाच्या पातेल्याकडे पाहावं, तोच आई उठून बसलेली! “हिची झोप भारी सावध,” असं शेजारणी कौतुकाने म्हणत. पण तिच्या नावापुढची खूण लग्नाच्या दिवशीच कुणीतरी काढून टाकली होती. जो हाकेसरशी ओ देतो, तो झोपलेलाच नसतो. असं एक माणूस बहुतेक घरांत असतं, आणि त्याच्या तत्परतेची किंमत विजेच्या बिलात दिसत नाही.

माझ्या रिसीव्हरची खूण मी काढून ठेवली आहे. यंत्राला जागवायला हरकत नाही. आईचं मात्र आता उलट झालं आहे. पाणी चोवीस तास येतं, दुधाची पिशवी सून आत घेते. दुपारी तिला एका हाकेने जाग येत नाही. दुसरी हाक मारावी लागते. मग ती डोळे उघडते, छताकडे पाहते, आपण कुठे आहोत ते सावकाश जुळवते, आणि मग आमच्याकडे बघून हसते. पाच-दहा सेकंद सहज जातात. घरात कुणी त्याला बिघाड म्हणत नाही.