समुद्रकाठचे चार दिवस

लहान मुलांसह समुद्रकाठी तंबू ठोकून चार दिवस राहावयाचे ठरले, की प्रथम स्थळाची कीर्ती पाहिली जाते. वस्तुतः पाहावयाचा तो किनाऱ्याचा उतार. गणपतीपुळ्याचे देवस्थान रम्य खरे. परंतु तेथील किनारा एकाएकी खोल होतो व परतणारी लाट ओढून नेते. तेथे दर्शन घ्यावे; मुलांच्या जलक्रीडेस ते स्थळ नव्हे. उलट दापोली तालुक्यातील मुरुड पाहा. महर्षी अण्णासाहेब कर्व्यांचे हे गाव. येथील पुळण सपाट, उतार मंद. शिवाय जवळच हर्णैच्या समुद्रात सुवर्णदुर्ग उभा असल्याने मुलांना इतिहासही डोळ्यांनी पाहावयास मिळतो.

स्थळाइतकीच तिथीही महत्त्वाची. शुद्ध असो वा वद्य, तिथीच्या अंकाची पाऊणपट केली, की कोकणात पूर्ण भरतीची सुमाराची वेळ निघते. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा. अर्थात् सकाळी व सायंकाळी सहाच्या सुमारास भरती. त्या दिवसांत भांग असल्यामुळे पाणी फार चढत नाही व फार ओसरतही नाही. दुपारी चारनंतर पाणी आत येत असताना मुलांना घोटाभर पाण्यात खेळू द्यावे. तेही वडील माणसाच्या हाताच्या अंतरावर. ओहोटी लागताच बाहेर काढावे.

तंबू उधाणाच्या रेषेच्या वर असावा, पण माडाखाली नसावा. आणि गावच्या कोळ्यांस विचारल्यावाचून पाण्यात पाऊल टाकू नये. समुद्र शांत दिसला, तरी तो समुद्रच!