कीप इन टच

परवा ऑफिसमध्ये सहज मोजलं. एका दिवसात ‘टच’ हा शब्द मी अकरा वेळा वापरला. क्लायंटला ‘मंडेला टच बेस करू’, डिझायनरला ‘फायनल टच दे ना यार’, मैत्रिणीला ‘किती टची आहेस गं!’, अप्रेझल बरं झालं म्हणून ‘टच वुड’, आणि नोकरी सोडून चाललेल्या कलीगला अर्थातच ‘कीप इन टच’. गंमत म्हणजे दिवसभरात माझं बोट खरोखर लागलं ते फक्त फोनच्या स्क्रीनला.

साताऱ्याच्या आजीला हे सांगितलं, तर म्हणाली, ‘‘टच म्हंजे शिवणंच ना गं?’’

हो, शिवणंच. पण आजीचं शिवणं आपल्या टचइतकं गुळगुळीत नाही. तिच्या लहानपणी ‘कावळा शिवला’ की तीन दिवस मागच्या खोलीत एकटीनं बसायचं, पाण्याच्या हंड्याला हात लावायचा नाही. याच साताऱ्यात त्याच्या कितीतरी आधी, १९०० च्या सुमारास, शाळकरी भीमराव आंबेडकरांना वर्गात वेगळं गोणपाट होतं. तहान लागली तरी नळाला हात लावायचा नाही. ज्याचा विटाळ होत नाही अशा कुणी तो सोडला तरच पाणी. पुढे १९२४ मध्ये भाऊराव पाटलांनी इथेच बोर्डिंग काढलं आणि सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत बसवली. एका क्रियापदाशी केवढं भांडण!

कावळा शिवण्याचा दुसरा अर्थ मला सांगलीत कळला.

बाबा गेले, तेव्हा मी आठ महिने घरी गेले नव्हते. पण टचमध्ये होते हं! रोज सकाळी त्यांचं गुड मॉर्निंग, माझा अंगठा. दहाव्याला कृष्णेच्या घाटावर पिंड मांडला. झाडावर कावळे बसलेले, पण एकही खाली येईना. अर्धा तास झाला. काका हळूच म्हणाले, ‘‘काहीतरी राहिलं असेल त्याचं. कबूल कर.’’ माझा नाही विश्वास या सगळ्यावर. तरी हात जोडले आणि पुटपुटले, ‘‘दर महिन्याला येईन. आईजवळ राहीन.’’

कावळा नाहीच आला. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि तोच पिंडाला शिववला. चालतं म्हणे तसंही. मला मात्र माझे ते अंगठे आठवत राहिले.

‘टच बेस’ आला बेसबॉलमधून. धावताना प्रत्येक बेसला टेकावंच लागतं, नुसतं जवळून पळत गेलं तर चालत नाही. म्हणून आता महिन्यातून एका शुक्रवारी मी पुण्याहून रात्रीची सांगलीची बस पकडते. पहाटे आई दार उघडते, पाठीवरून हात फिरवते आणि म्हणते, ‘‘वाळलीस गं.’’

व्हिडिओ कॉलवर हे तिला कधीच कळलं नव्हतं.