कुबडीचा गोल

मंगळवार पेठ, कोल्हापूर
रविवार, रात्र

प्रिय बाळू,

तुझी यादी पोचली. बाटिस्टुटा, रोमारिओ, जाडा रोनाल्डो, क्रेस्पो, सामोरानो, फोर्लान. दक्षिण अमेरिकेचे सहा फॉरवर्ड, आणि खाली पुस्ती की कुणी राहिलं असेल तर सांग. राहिलाय. मार्टिन पालेर्मो. हसलास ना? इथं मंगळवार पेठेत ऐकू आलं.

हसण्यासारखाच होता तो, कबूल. तुझ्या सहाही जणांच्या पायाला बॉल चिकटायचा, याच्या पायाला लागून तो गावभर जायचा. सहा फुटांवरचा धिप्पाड गडी, केस पिवळे रंगवलेले, आणि पळायला लागला की चार माणसं जिन्यावरून कपाट उतरवतायत असं वाटावं. पण बोका ज्युनियर्सचे त्याचे गोल मोज. २३६. मॅराडोना, रिकेल्मे, तेवेझ ज्या क्लबात खेळले, तिथं सगळ्यांत जास्त गोल या कपाटाचे. कोच बियांची त्याला गोलचा आशावादी म्हणायचा. बॉल येईलच, हे धरून चालणारा माणूस.

मी आयुष्यभर गोलीच होतो, तेव्हा आमच्या बाजूनं सांगतो. पाय चांगला असलेला फॉरवर्ड वाचता येतो. त्याची कंबर फिरते, टेकवलेला पाय एका दिशेला वळतो, आपण निम्मे आधीच झुकलेले असतो. पण बॉल नडगीला लागणार की गुडघ्याला, हे ज्याला स्वतःलाच ठाऊक नाही, त्याचं काय वाचणार? शिवाय असला माणूस तीनदा चुकतो. मग डिफेन्सचं त्याच्यावरचं लक्ष उडतं. आणि चौथ्यांदा लांबच्या खांबापाशी कोण उभं? तोच. आधीचे तीन जणू दुसऱ्याच कुणी घालवलेत, अशा चेहऱ्यानं. मला भीती वाटायची ती असल्यांची.

तीनवरून आठवलं, तेही सांगूनच टाकतो, नाहीतर तू काढशीलच. ४ जुलै १९९९, कोपा अमेरिका, पराग्वेतलं लुके. अर्जेंटिना विरुद्ध कोलंबिया. पहिली पेनल्टी पालेर्मोनं बारवर मारली. दुसरी बारवरून थेट प्रेक्षकांत. शेवटच्या मिनिटांत तिसरी मिळाली, तोवर सामना ०-३ नं गेलेला. ती घ्यायचं काही कारण नव्हतं. दुसरा कुणी बुटाची नाडी बांधायला खाली बसला असता. हा बॉल उचलून ठिपक्यावर ठेवायला गेला, आणि कोलंबियाचा गोली कालेरो, त्यानं ती अडवली. एका आंतरराष्ट्रीय सामन्यात तीन पेनल्ट्या चुकवल्याचा विक्रम अजून त्याच्या नावावर लागलेला आहे. त्याला 'लोको', म्हणजे येडा, म्हणायचेच. त्या दिवसानंतर जगानंही म्हणायला सुरुवात केली.

बाळू, ती तिसरी माझ्या डोक्यातून जात नाही. शौर्य वगैरे म्हणणार नाही मी त्याला. थोडा हट्ट असेल, थोडा मूर्खपणा. पण त्या पावलांत लाज नव्हती, आणि ती नव्हती म्हणूनच पुढचं सगळं घडलं.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सान्ता फेला गुडघ्याचा लिगामेंट तुटला. तुटल्यावरही गडी मैदानात राहिला आणि त्याच पायांवर त्यानं लीगमधला शंभरावा गोल मारला! मग ऑपरेशन, कुबड्या, सहा महिने सुट्टी. मे २००० मध्ये लिबेर्ताडोरेस कपाच्या उपउपांत्य फेरीत बोकासमोर आलं रिव्हर प्लेट. आपल्याकडं शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ समोरासमोर आल्यावर होतं ते दहा पटीनं धर. पालेर्मो खेळणार अशी कुजबुज सुरू झाल्यावर रिव्हरचा कोच गायेगो म्हणाला, ते त्याला उतरवणार असतील तर मी एन्झोला उतरवतो. एन्झो म्हणजे फ्रान्सेस्कोली, केव्हाच निवृत्त झालेला. सगळे हसले.

२४ मे. ला बोम्बोनेरा. पहिला सामना रिव्हरनं २-१ जिंकलेला, या सामन्यात बोका पुढं. शेवटी शेवटी बियांचीनं पालेर्मोला खरोखरच उतरवला. त्या गोलचा व्हिडिओ मी शंभरदा पाहिला असेल. पेनल्टी बॉक्समध्ये त्याला बॉल मिळतो तेव्हा त्याची पाठ गोलकडं. तो वळतो, पण किती सावकाश! रिक्षा गल्लीत वळवावी तसा. डिफेंडर दोन पावलांवर. त्यांनी नुसता धक्का दिला असता तरी पडला असता. पण याच्याकडून आता काय होणार, असं वाटल्यासारखे ते बघत राहतात. मग डावा पाय, आणि बॉल जमिनीवरून सरपटत कोपऱ्यात. ३-०. अर्जेंटिनात त्याला 'मुलेतासो' म्हणतात, मुलेता म्हणजे कुबडी. कुबडीचा गोल म्हण. मी म्हणत होतो ते हेच बघ. त्याच्यावरचं लक्ष उडालं होतं.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात टोकियोत रेआल माद्रिदला पहिल्या सहा मिनिटांत दोन गोल मारले, बोका २-१ नं जगज्जेते. तिथून स्पेन. तिथं काही जमलं नाही. व्हियारेआलकडून गोल मारून प्रेक्षकांकडं धावला, त्यांच्या वजनानं कठड्याची भिंत कोसळली आणि याचा पाय मोडला. गोल मारून पाय मोडून घेणारा तूच सांग दुसरा कोण.

तो बोकात परत आला, आणि क्लबचा गोलविक्रम त्यानं मोडला तो सामना तर आपल्या कोल्हापुरातच घडावा असा. एप्रिल २०१०. रिकेल्मे आणि याचं बोलणं नव्हतं. रिकेल्मेकडं स्वतःला सरळ गोल मारायची संधी होती, तरी त्यानं बॉल याच्याकडं सरकवला, यानं आत ढकलला. सगळी टीम पालेर्मोच्या अंगावर, आणि रिकेल्मे एकटा उलट्या बाजूला जल्लोष करत पळाला. पास द्यायचा पण मिठी नाही मारायची. असले दोघं आपल्याकडंही होते. नावं तुला माहीत आहेत.

त्याच्या आधीच्या ऑक्टोबरात, धो धो पावसात, वर्ल्ड कपच्या पात्रता सामन्यात पेरूनं नव्वदाव्या मिनिटाला बरोबरी केली आणि अर्जेंटिनाचा वर्ल्ड कप जवळजवळ गेलाच होता. भरपाईच्या वेळेत कुणाचा तरी फसलेला फटका लांबच्या खांबापाशी आला. तिथं कोण होता ते लिहीत नाही. मॅराडोना कोच होता, तो ओल्या गवतावर पोटावर घसरत गेला. पुढच्या जूनमध्ये वर्ल्ड कपात ग्रीसविरुद्ध शेवटची दहा मिनिटं याला मिळाली, वय ३६. आम्ही मंडळाच्या टीव्हीसमोर होतो. रात्री पावणेदोनला मेस्सीचा फटका गोलीनं ढकलला आणि परतलेला बॉल यानं आत सारला. आमच्या गल्लीतले ब्राझीलवालेसुद्धा उठून उभे राहिले. खोटं नाही सांगत.

२०११ ला बोम्बोनेरातल्या निरोपाच्या सामन्यानंतर क्लबनं त्याला भेट काय दिली माहीत आहे? गोलपोस्ट. दोन खांब आणि बार, अख्खी. त्याच बारांना त्यानं किती बॉल हाणले असतील, आणि त्यांच्यावरून किती.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. शाहू स्टेडियमवर आपण समोरासमोर होतो, त्या फायनलनंतर तू पेनल्टी कधी घेतली नाहीस. दोन वर्षांत खेळणंच सोडलंस, नोकरीचं निमित्त सांगून. आजवर सगळे म्हणतात की मी तुझ्या मनातलं ओळखलं आणि झेप घेऊन अडवली. फोटोसुद्धा तसाच आला. मीही तीस वर्षं ते मिरवलं, चहा प्यायलो त्याच्यावर.

मी चुकीच्या बाजूला उडी मारली होती, बाळू. तू बॉल मध्ये मारलास, तो माझ्या मागं राहिलेल्या टाचेला लागला आणि बाहेर गेला. मला कळलंसुद्धा नाही. लोक ओरडले तेव्हा कळलं.

सीझन सुरू होतोय. गेट नंबर सांगत नाही, तुला ठाऊक आहे. ये.

तुझा,
गोली