चार नंबर

इंदिरानगरात शंभर फुटी रस्त्याच्या मागच्या गल्लीत दर रविवारी सकाळी सातला आमचा खेळ सुरू होतो. संघ ठरवायचं काम माझ्याकडे आहे, कारण गुडघे गेल्यावर दुसरं काम उरलं नाही. बाकी चार जागांवर वाद नसतो. वाद चार नंबरचा, म्हणजे पॉवर फॉरवर्डचा. कन्नड मंडळी त्याला 'नाल्कु' म्हणतात, तमिळ 'नालु', आम्ही तिघं मराठी 'चौथा'. भांडण मात्र सगळ्या भाषांत एकच.

उमेदवार दोन. एक सांगलीकर, एक्केचाळीस वर्षांचा, रुंद खांद्यांचा. रिंगखाली पाठ लावून उभा राहिला की हलवणं कठीण. नऊ वर्षं ही जागा त्याची आहे आणि त्याचा मुलगा कठड्यावर बसून प्रत्येक सामना बघतो. दुसरा बावीस वर्षांचा, कोचीचा, सहा फूट तीन इंच. कमानीबाहेरून बास्केट करतो, पण धक्का लागला की कुठल्या कुठे.

आमच्या कोर्टावर जुन्या रेघा अजून दिसतात: रिंगकडे रुंद होत जाणारा समलंब चौकोन, तळाशी सहा मीटर. फिबाने 2010 मध्ये त्याचा 4.9 मीटर रुंद आयत केला आणि तीन गुणांची कमान 6.25 वरून 6.75 मीटरवर नेली. त्या जुन्या चौकोनात आक्रमकाला तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नसे, म्हणून उंच खेळाडू बाहेरून नेम धरायला शिकले असावेत. सात फुटी जर्मन डर्क नोविट्स्की त्याच मुशीतला. 2011 मध्ये त्याच्या जोरावर डॅलस जिंकलं. मग 2015 च्या अंतिम फेरीत गोल्डन स्टेटने साडेसहा फुटी ड्रेमंड ग्रीनला चक्क पाच नंबरवर खेळवलं. तेव्हापासून गल्लीतल्या प्रत्येक पोराला कमानीबाहेरच उभं राहायचं असतं.

पण उघड्या सिमेंटच्या कोर्टावर वारा असतो, रिंग सैल असते, नेम चुकतात. चुकलेला चेंडू कोण उचलणार? 2017 मध्ये इथल्याच कंठीरव स्टेडियममध्ये भारताच्या महिलांनी कझाकस्तानला 75-73 हरवून आशिया चषकाच्या ब गटाचं विजेतेपद घेतलं. दोन गुणांच्या सामन्यात एक रीबाउंडही पुरतो. इथवर पारडं सांगलीकराचं.

कबड्डीत मात्र कोपरारक्षक निवडताना त्याच्या शेजारी कोण उभा आहे ते आधी बघतात. आमचा पाच नंबर एका बँकेत आहे आणि रिंगखालून हलत नाही (बँकेतही हलत नसावा). त्याच्याशेजारी सांगलीकर उभा केला की आमच्या गार्डला आत शिरायला फट उरत नाही. कोचीचा पोरगा बाहेर उभा राहिला, तर त्याचा नेम चुकला तरी एक बचावपटू त्याच्यामागे बाहेर येतो. तेवढी फट आम्हाला पुरते.

म्हणून सुरुवात पोराने करायची आणि बँकवाला दमला की सांगलीकराने पाच नंबरवर यायचं, असं ठरवलं. दर्शिनीत कॉफी पिताना त्याला सांगितलं. तो बराच वेळ स्टीलच्या पेल्यातली कॉफी वाटीत ओतत, परत पेल्यात ओतत राहिला.

"किती मिनिटं, दादा?"

"चाळीसातली बारा."

"पंधरा करा. आणि त्या पोराला पुढच्या रविवारी अर्धा तास आधी यायला सांगा. रिंगखाली पाय कुठे ठेवायचे, ते त्याला ठाऊक नाही."