पहाटे अडीचचा चहा

जून महिना, न्यू जर्सीतलं एडिसन, मुलीच्या घरी तिसरी रात्र. पहाटे अडीचला काकांचे डोळे टक्क उघडे. पुण्यात भर दुपारचे बारा; पोट वरणभात मागत होतं. त्यांनी गुपचूप चहा टाकला आणि वहीत लिहिलं, ‘झोप : दोन तास.’

काकूंनी तळपायांना तूप लावून काशाची वाटी घासली होती, दुधात जायफळही उगाळलं होतं. उपयोग शून्य. जावयाने मेलाटोनिनच्या गमी आणल्या. भारतात औषधाच्या दुकानात मिळणारी ही गोष्ट अमेरिकेत किराण्याच्या फळीवरही दिसते, पूरक आहार म्हणून! पण २०२३ साली तिथल्या अशा २५ गमी तपासल्या, तेव्हा २२ डब्यांवरचं प्रमाण चुकीचं निघालं. एकीत तर मेलाटोनिन सापडलंच नाही. काकांनी डबा उलटसुलट करून पाहिला आणि ठेवून दिला.

दुसरी गोळी डायफेनहायड्रामिनची. मूळची ॲलर्जीची. म्हाताऱ्या माणसांना ती गुंगवते, गोंधळवते, लघवी अडवते. प्रोस्टेटवाल्या काकांना मुलीने ती घेऊच दिली नाही.

मग उरलं फुकटचं औषध : ऊन. पश्चिमेकडे आलेल्या शरीराचं घड्याळ मागे न्यायला संध्याकाळचा उजेड उपयोगी पडतो, आणि जूनमध्ये इथे सूर्य साडेआठला मावळतो. काका आठपर्यंत बागेत फिरले, दुपारची डुलकी कशीबशी टाळली.

चौथी नोंद : ‘झोप : साडेचार तास.’ श्रेय काकूंनी जायफळाला दिलं.