पेशीचा शर्ट

मुलीचं घर मोडलं तेव्हा मी ठरवलं, आता काय ते कोर्टातच. तडजोड म्हणजे हार, असं मी मानत आलो होतो. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, निंबाळकरांच्या गोठ या वस्तीत आमच्या पिढ्या गेल्या. चार नातलगांत मान खाली जाईल या धास्तीनं मी अधिकच ताठ झालो. आज मोकळेपणानं कबूल करतो, मी चुकलो.

जावयानं कधी हात उचलला नव्हता, हुंडा मागितला नव्हता. दोघांचं पटलं नाही, एवढंच. पण अर्जात एवढ्यावर भागत नाही. आम्ही आरोप लिहिले, त्यांनी त्याहून कडू उत्तर दिलं. कुटुंब न्यायालयात आधी समेटाचा प्रयत्न करणं हे 1984 च्या कायद्यानं न्यायाधीशांचं कर्तव्यच आहे. त्यांनी विचारलं तेव्हा मुलीनं वळून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तो नकार तिचा नव्हता, माझा होता.

तीन वर्षं गेली. पेशीच्या दिवशी नातू वडिलांना तासभर भेटे, तेही कोर्टाच्या आवारात. त्या दिवसासाठी त्याचा निळा शर्ट इस्त्री करून ठेवलेला असे. दिवाळीत आईनं तोच बाहेर काढला, तर सात वर्षांचं पोर कपाटाला पाठ लावून उभं राहिलं. ‘‘हा नको. हा पेशीचा शर्ट आहे.’’

त्या रात्री मला झोप लागली नाही. सुटी संपताच मीच वकिलांना म्हटलं, प्रकरण मध्यस्थीकडे पाठवायला सांगा.

मध्यस्थ बाईंनी पहिल्याच बैठकीत मला बाहेर बसायला सांगितलं. लागलं मनाला. आत त्यांनी चूक कोणाची हे विचारलंच नाही, मुलगी सांगत होती. पहिला प्रश्न होता, ‘‘मुलाची शाळा किती वाजता सुटते?’’ आमच्या कागदांच्या गठ्ठ्यात ही एक ओळ कुठेही नव्हती. तिथलं बोलणं पुरावा म्हणून कोर्टात वापरता येत नाही, त्यामुळे ‘माझंही चुकलं’ असं दोघांनाही म्हणता आलं. चार बैठकींत सगळं ठरलं: शनिवार-रविवार, उन्हाळ्याची निम्मी सुटी, शाळेची फी, स्त्रीधनाची यादी, अगदी आजीची समई कोणाकडे राहील तेही. मग हिंदू विवाह कायद्याच्या 13-ब कलमाखाली दोघांनी मिळून अर्ज केला. परस्पर संमतीची ही वाट 1976 पासून खुली आहे. पोटगी, ताबा सगळं खरोखर मिटलेलं असेल, तर अर्जानंतर सहा महिने थांबण्याची मुदतही न्यायालय माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयानं 2017 मध्ये स्पष्ट केलं आहे.

जिथे मारहाण आहे, जीवाची भीती आहे, तिथे मात्र समेटाचा आग्रह धरू नये. तिथे कायद्याचं संरक्षण आधी. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईमाणसाला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो.

पण नुसतं पटत नसेल, तर माझ्यासारख्या आईवडिलांना हात जोडून सांगतो: मुलांना आत बसून बोलू द्या, आणि आपण बाहेरच्या बाकावर थांबा. मी पहिल्याच दिवशी तसा थांबलो असतो, तर नातवाची तीन वर्षं वाचली असती.