दुसऱ्या डोसाचा हिशेब

संपादकांनी बजावलं, ‘‘डॉक्टर, सोपं लिहा, आकडेमोड नको.’’ आणि लगेच विचारलं, ‘‘लस १९८५पासून सरकारी कार्यक्रमात आहे, तर २०२२ साली गोवंडीत मुलं गोवरानं कशी गेली?’’ याचं उत्तर आकडेमोड टाळून द्यायचं कसं?

आधी एक तक्रार. ‘पुरळ नीट बाहेर पडू द्या, मूल सुटतं’ हे आजही शिकल्यासवरल्या घरांत ऐकतो. प्रत्यक्षात पुष्कळ मुलं पुरळ मावळल्यावर दगावतात. हा विषाणू प्रतिकारशक्ती मोडून ठेवतो, आधीच्या आजारांशी लढून कमावलेली ताकदही पुसतो. मग कुपोषित मुलाला न्यूमोनिया नाहीतर जुलाब गाठतात. दाखल्यावर न्यूमोनिया लागतो, गोवर नामानिराळा. जीवनसत्त्व ‘अ’चे दोन डोस लागोपाठ दोन दिवस दिले तरी धोका घटतो, पण त्यासाठी मूल दवाखान्यात यायला हवं.

आता हिशेब. आईकडून मिळालेली प्रतिपिंडं बाळाच्या रक्तात असतात तोवर ती लसीतला जिवंत, पण दुबळा केलेला विषाणूही निकामी करतात. म्हणून आपण नऊ महिने थांबतो. तरी त्या वयात शंभरातल्या साधारण ८५ बाळांनाच लस लागू पडते. वर्षाची झाल्यावर दिली तर आणखी काहींना पडेल, पण मधले तीन महिने उघडे राहतात. साथ रोखायला ९५ टक्क्यांच्या आसपास मुलं सुरक्षित हवीत. म्हणजे एकूण एक बाळाला पहिला डोस दिला तरी गणित जमत नाही. सोळा ते चोवीस महिन्यांतला दुसरा डोस राहून गेलेल्या त्या पंधरांसाठी. ते पंधरा कोण, हे रक्त तपासत शोधणं परवडत नाही, म्हणून सगळ्यांना. पालकांना मात्र तो वरकड वाटतो.

‘मग सहाव्या महिन्यातच का टोचत नाही?’ २०२२च्या साथीत सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना जादा डोस दिला, पण तो हिशेबात धरत नाहीत. नेहमीचे दोन नंतर घ्यावेच लागतात. सरसकट लवकर टोचण्याला मात्र इतिहास आहे. १९८९मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं गोवराचा जोर असलेल्या भागांसाठी सहाव्या महिन्यात जास्त तीव्रतेची एडमॉन्स्टन-झाग्रेब लस सुचवली. पुढे सेनेगल आणि गिनी-बिसाउमध्ये ती घेतलेल्या मुलींत मृत्यूंचं प्रमाण जास्त दिसलं. १९९२मध्ये शिफारस मागे घेतली गेली. कारणांवर वाद अजून चालू आहे. पुण्यात तयार होणारी आजची लस त्याच वाणाची, पण नेहमीच्या तीव्रतेची. हा किस्सा अर्धवट सांगितला की घबराट होते, म्हणून पुरता सांगितला. संपादकांची माफी.

शेवटी माझं जुनं भांडण. पाच किंवा दहा डोसांची व्हायल एकदा कालवली की चार तासांत संपवायची, उरलेली टाकायची. एकच बाळ आलं की सिस्टर कचरतात, कारण ‘वेस्टेज’चा जाब वरून येतो. ‘पुढच्या सत्राला या’ म्हटलं की रोजंदारी बुडवून आलेली आई पुन्हा येईलच असं नाही. एका बाळासाठीही व्हायल फोडावी, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. तेव्हा जाब विचारायचाच असेल, तर परत पाठवलेल्या बाळांचा विचारा.